उजव्या गालाचा पुरावा

गावातल्या निम्म्या लोकांचे चेहरे आमच्या सासूबाईंनी दुरुस्त केलेत, असं मी म्हटलं की त्या चिडतात. "दुरुस्त नाही गं, स्वच्छ," म्हणतात. चेहरा स्वच्छ करणं आणि चेहरा बदलणं यात फरक आहे आणि तो जगात फक्त त्यांनाच कळतो, अशी त्यांची पक्की समजूत आहे. मी त्यांची सून. दुकानात प्रिंट काढायचे, फोटो कापायचे आणि त्यांच्याशी वाद घालायचा, ही तिन्ही कामं माझ्याकडे आहेत. तिसरं मी मनापासून करते.

दुकान लायसन्सच्या ऑफिससमोर आहे. पुढे काउंटर, त्यावर काचेखाली जुने नमुने, कडेला फोटो कापायची कात्री-पट्टी. मागे पडदा, पडद्यामागे पांढरी भिंत, एक न हलणारं स्टूल आणि दोन छत्र्या लावलेले दिवे. लग्नाबिग्नाचे फोटो सासूबाई काढत नाहीत. "तिथे माणूस नटून येतो, त्यात माझं काय कौशल्य?" त्यांचं कौशल्य ओळखपत्राच्या फोटोत. रांगेत उभा राहून वैतागलेला, घामेजलेला, फॉर्मवर शाई सांडलेला माणूस त्यांच्या स्टुलावर बसतो आणि पाच-दहा मिनिटांत स्वतःलाच आवडू लागतो. त्या कुणाला हसा म्हणत नाहीत. म्हणतात, "असं समजा, तुम्ही खरं बोलताय आणि समोरचा ऐकून घेतोय." या एका वाक्यावर भले भले ताठ बसतात. मीसुद्धा एकदा बसले होते.

पुढचं काम कॉम्प्युटरवर. चष्मा कपाळावर चढवून त्या माउस फिरवतात आणि गिऱ्हाइकाशी नाही, त्याच्या फोटोशी बोलतात. "झोप झालेली दिसत नाही... हे काय, दाढी करताना कापलंय... थांबा हां." डोळ्यांखालचं काळं जातं, पुटकुळी जाते, कपाळावरच्या आठ्या सैल पडतात. भिंतीवर सरकारी नियमांचा तक्ता आहे. चेहरा समोर, दोन्ही कान दिसावेत, चष्मा नको, मागे पांढरं. शेवटची ओळ : फोटोत कोणताही बदल करू नये. आधीचे सगळे नियम त्या कडक शिस्तीने पाळतात. कान झाकलेला माणूस आमच्या स्टुलावरून उठूच शकत नाही. फक्त त्या शेवटच्या ओळीशी त्यांचं पटत नाही.

"आई, नियम आहे तो," मी म्हणायचे.

"डोळ्यांखालचं काळं माणूस जन्माला येताना घेऊन येतो का? ते त्याचं नाहीच मुळी. ऑफिसचं आहे."

मी फोटो कापायला घ्यायचे आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं.

आता मावशींबद्दल सांगते. सासूबाईंची थोरली बहीण, म्हणजे माझ्या नवऱ्याची मावशी. त्या जन्मभर गावातल्या पोहण्याच्या तलावावर शिकवत आल्यात. उंच, खांदे रुंद, आवाज असा की तलावाच्या त्या टोकाला पाय वाकडे मारणारं पोर या टोकाच्या हाकेने सरळ होतं. त्यांच्या उजव्या गालावर जन्मखूण आहे. कानापासून निघून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आलेली, जांभळट, तळहाताएवढी. पाण्यातून बाहेर आल्या की ती जास्तच गडद दिसते. नवीन पोरं विचारतातच, "हे काय झालं?" मावशी प्रत्येकाला नवी थाप मारतात. कुणाला सांगतात शाई सांडली, कुणाला सांगतात माशाने पापा घेतला. पोरं खिदळतात, विषय संपतो. मावशींना त्या गालाचं काही वाटतं असं मला कधी दिसलं नाही.

सासूबाईंना मात्र वाटायचं. फार वाटायचं. दोघी शाळेत असताना वर्गाचा फोटो निघाला तेव्हा फोटोवाल्याने मावशींना शेवटच्या रांगेत एका उंच मुलीच्या मागे उभं केलं. फोटो आला, त्यात मावशींचा फक्त भांग. सासूबाई तेव्हा लहान, दुसरीत. त्यांनी तो फोटो बघितला आणि भर वर्गात रडून गोंधळ घातला. "मोठी झाले की ताईचा फोटो मीच काढणार," असं त्या बाईंना सांगून आल्या म्हणे. आणि खरंच मोठं होऊन त्यांनी तेच केलं. कॅमेरा हातात आल्यावर पहिला फोटो ताईचा. त्यात ताई पुढे, एकटी, ऐसपैस. आणि उजवा गाल डाव्या गालाइतकाच गोरा.

तेव्हापासून मावशींचा एकही फोटो दुसऱ्या कुणाला काढू दिलेला नाही. ओळखपत्र, लायसन्स, तलावाचं नोकरीचं कार्ड, सगळीकडे फोटो आमच्या दुकानातला. आमच्याकडच्या ऑफिसांत फोटो आपणच नेऊन द्यायचा असतो, त्यामुळे कधी अडलं नाही. कार्डं बघणारे लोक कार्ड बघतात, माणसाकडे बघत नाहीत. आणि गावात मावशींना कोण ओळखत नाही? बँकेतला माणूस कार्ड न उघडता "या ताई" म्हणतो.

तर असं सगळं बरं चाललं होतं आणि कप्तानाचा फोन आला. कप्तान म्हणजे मावशींचा एकुलता एक मुलगा. घरात त्याला कप्तान म्हणतात; जहाजावर तो तळाशी इंजिनाच्या खोलीत असतो आणि त्याला समुद्र फारसा दिसतही नाही. त्याचं जहाज अचानक बदललं होतं. घरी यायची सुट्टी रद्द, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दूरच्या बंदरातून नव्या जहाजावर चढायचं आणि मग वर्षभर पत्ता नाही. "आई, येऊ शकशील? विमानाचं तिकीट काढतो. दुपारी पोचलीस तर संध्याकाळपर्यंत आपण बरोबर." गाडीने जायचं तर जहाज केव्हाच निघून गेलं असतं. मावशी आयुष्यात विमानात बसल्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "काढ."

सकाळी त्यांना सोडायला आम्ही दोघी गेलो. मी गाडी चालवत होते, सासूबाई मागे मावशींना सूचना करत होत्या. कार्ड वरच्या कप्प्यात ठेव, तिकिटावरचं नाव आणि कार्डावरचं नाव सारखं आहे ना बघ, लायसन्स पण जवळ ठेव, मूळ कार्डच लागतं, झेरॉक्स चालत नाही. देशातल्या देशात जायचं असलं तरी फोटोचं ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत, हे त्यांना दुकानात बसून तोंडपाठ झालेलं. "आणि फोटो बघ कसला आलाय! तिथे कुणाचं असं कार्ड नसेल," त्या म्हणाल्या. मावशी खिडकीबाहेर बघत "हं" म्हणाल्या.

विमानतळाच्या दारावरच्या पहारेकऱ्याने कार्ड घेतलं. कार्ड बघितलं, मावशींकडे बघितलं, परत कार्ड बघितलं. कार्ड आणि माणूस दोन्ही बघणारा माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटत होता.

"काकू, हे कार्ड तुमचं आहे?"

"माझंच."

"दुसरं काही आहे?"

मावशींनी लायसन्स दिलं. मग नोकरीचं कार्ड दिलं. त्याने तिन्ही पत्त्यांसारखी हातात धरली. तिन्ही फोटो एकमेकांशी अगदी जुळत होते. फक्त मावशींशी एकही जुळत नव्हता. त्याने मागच्या लोकांना दुसऱ्या दारावर पाठवलं आणि आपल्या साहेबांना बोलावलं. साहेब म्हणजे एक तरुण अधिकारी बाई होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं मऊ पण मुद्द्याचं.

आम्ही प्रवासी नव्हतो, तरी सासूबाई कठड्याला वळसा घालून पुढे घुसल्याच. "अहो, डोळे बघा ना! नाक बघा, कान बघा! सख्खी बहीण आहे माझी!"

"मला ते दिसतंय," अधिकारी बाई म्हणाली. "पण एवढी मोठी खूण आहे आणि कार्डावर तिचा मागमूस नाही. उद्या याच कार्डावर त्यांच्यासारखी दिसणारी दुसरी कोणी आली, तर मी तिला सोडायचं?"

"तो डाग मीच काढलाय! माझा स्टुडिओ आहे. खोटं वाटत असेल तर आत्ता तुमच्यासमोर फोटो काढते आणि इथल्या इथे फोनवर पुसून दाखवते. हुबेहूब असाच होतो का नाही बघा!"

मी कपाळावर हात मारून घेतला. अधिकारी बाई म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला सांगताय की तुम्ही कार्डावर कुणाचाही चेहरा असा बदलून देता?"

"बदलत नाही हो, स्वच्छ करते!"

"आई, बस्स," मी त्यांचा दंड धरला. आणखी दोन वाक्यं बोलल्या असत्या तर दुकानाला कुलूप लागलं असतं.

आतल्या बोर्डावर मावशींच्या विमानाचं नाव सरकत वर आलं होतं. थोड्या वेळात काउंटर बंद होणार होता आणि पुढचं विमान संध्याकाळचं होतं. तोवर कप्तान समुद्रात. मावशी काही बोलत नव्हत्या. हातातली पर्स पोटाशी घट्ट धरून उभ्या होत्या. एवढी धीट बाई गप्प का, हे मला कळेना.

"एक करू या," अधिकारी बाई म्हणाली. "काकू, तो भाग जरा झाका. बाकीचा चेहरा मी जुळवून बघते. जुळला तर वरिष्ठांना फोन करून विचारते. थोडा वेळ लागेल, पण बघू."

मावशींनी हात उचलायच्या आत सासूबाईंचा तळवा त्यांच्या गालावर होता. तो बरोबर बसला. बोटं कानापाशी, अंगठा ओठाच्या कोपऱ्याशी. रोजची सवय असल्यासारखा. अधिकारी बाईने कार्ड वर धरलं, निरखून पाहिलं आणि मान हलवली. "हो, आता जुळतंय."

"बघा!" सासूबाई आनंदाने जवळजवळ ओरडल्या.

"हात काढ, बारके," मावशी म्हणाल्या.

"अगं, जुळतंय म्हणतायत त्या—"

"हात काढ."

तलावावरचा आवाज नव्हता तो. हळू होता. पण सासूबाईंचा हात आपोआप खाली आला.

"मावशी, विमान!" मी म्हटलं. "कप्तान तिकडे वाट बघतोय."

"तो माझीच वाट बघतोय ना? मग मी गाल झाकून आत जाणार नाही." मग त्या अधिकारी बाईकडे वळल्या. "तुम्हाला पुरावा पाहिजे. माझ्याकडे आहे. मघाशीच द्यायला हवा होता, चुकलं माझं." आणि पर्सच्या आतल्या चेनमधून त्यांनी पासपोर्ट काढला.

सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं. पासपोर्ट? गेल्या वर्षी कप्तानाने आईला जहाजाच्या कुठल्याशा बंदरावर बोलवायचं ठरवलं होतं, तेव्हा अर्ज केला होता खरा. सासूबाईंनी त्यासाठी खास फोटो काढून दिले होते, मीच कापले होते. पुढे त्याचं काय झालं विचारलं की मावशी म्हणायच्या, अडकलाय कुठेतरी.

अधिकारी बाईने पासपोर्ट उघडला. एकदा मावशींकडे बघितलं आणि तिचा चेहरा सैल झाला. "हे आधी दिलं असतं तर एवढा वेळ गेलाच नसता, काकू. जा लवकर. आणि ती कार्डं परत आल्यावर बदलून घ्या." पहारेकऱ्याला म्हणाली, "यांना काउंटरपर्यंत सोड."

पासपोर्ट परत देताना तो सासूबाईंच्याच हातात आला, कारण त्यांनी हात पुढे केला होता. त्या बघत राहिल्या. मीही वाकून बघितलं. उजेड एका बाजूने पडलेला, कानामागे सावली, हनुवटी जरा वर, रंग फिकट. आणि गालावर ती खूण, कडेपासून कडेपर्यंत.

"कुणी काढला हा?"

"तिथल्या क्लार्कने. तुझे फोटो दिले तर म्हणाला, हे नको, आम्ही इथेच काढतो. खुर्चीत बसवलं आणि काढला."

"सावली आलीय मागे," सासूबाई म्हणाल्या. "हनुवटी वर गेलीय. कुणी सांगितलं नाही तुला?"

"नाही."

"मला का नाही दाखवलास?"

मावशींनी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला लागलं असतं म्हणून. तू इतक्या मायेने करतेस गं सगळं. पण मला हा फोटो आवडतो, बारके. घरी मी तो काढून काढून बघते. पहिल्यांदा फोटोत मी आलेय."

पहारेकरी घाई करत होता. मावशींनी पासपोर्ट घेतला आणि पोहताना सूर मारायच्या आधी घेतात तसा एक लांब श्वास घेऊन आत गेल्या. काचेतून दिसेपर्यंत आम्ही बघत राहिलो. त्या काउंटरवर पोचल्या, काउंटरवाल्या मुलीने मान डोलावली, बॅग पट्ट्यावर गेली. मिळालं विमान.

गाडीत बसल्यावर सासूबाईंचा बांध फुटला. "माझ्यापासून लपवलं! वर्षभर! तिथे उभी राहिली मुकाट, मला वाईट वाटू नये म्हणून! पोरगा निघून गेला असता तरी चाललं असतं तिला!"

मला एरवी वाद घालायला आवडतो, पण त्या वेळी मला खरंच राग आला होता आणि तो मी गिळला नाही. "आई, त्यांनी एक फोटो लपवला. तुम्ही त्यांना जन्मभर लपवलंत."

मला वाटलं, आता महिनाभर अबोला. पार्किंगच्या बाहेर आलो, पूल ओलांडला, गावात शिरलो. सिग्नलला थांबलो तेव्हा त्या समोर बघत म्हणाल्या, "डोळे छान आलेत तिचे त्या फोटोत."

"हो."

"माझ्या फोटोत ती अशी कधी बघत नाही. मला वाटायचं, उजेडामुळे. छत्र्या हलवून हलवून दमले मी." मग सिग्नल सुटल्यावर, "उजेडाचा काही संबंध नव्हता."

दुपारी दुकानात आल्या, पण माउसला हात लावला नाही. एक पोरगी लायसन्सचा फोटो काढायला आली, कपाळावर पुटकुळ्या होत्या. "काकू, ह्या काढाल ना?" सासूबाईंनी बराच विचार केला. "ह्या चार दिवसांत जातील. ह्या काढते," म्हणाल्या. "पण भुवईवरची ती जुनी खोक राहील. ती तुझी आहे." पोरगी नाराज झाली. मीही थोडी धास्तावले, कारण आता प्रत्येक गिऱ्हाइकामागे हा हिशेब चालणार आणि आमची रांग रस्त्यापर्यंत जाणार. पण हरकत घेतली नाही.

संध्याकाळी दुकान आवरताना फोन वाजला. कप्तानाने फोटो पाठवला होता. जहाज मागे, पाण्यावर उजेड, कप्तान आईच्या गळ्यात हात टाकून उभा आणि मावशी तोंडभर हसतायत. खाली लिहिलं होतं : पोचली, जेवलो, आता चढतोय. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी फोन सासूबाईंकडे दिला.

त्यांनी चष्मा खाली घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, सरकवला, आणखी मोठा केला. मग त्यांचा पारा असा चढला की मी घाबरून काउंटरच्या मागून बाहेर आले. त्यांनी तिथल्या तिथे कप्तानाला फोन लावला.

"तू जहाजावर चढलास का? नाही ना? आई शेजारी आहे? मग ऐक. तुझ्या फोनमध्ये ते चेहरा गुळगुळीत करणारं काहीतरी चालू आहे, ते बंद कर आधी. मला शिकवू नकोस, माझा धंदा आहे तो! अर्धा गाल पुसलाय त्याने. अर्धा! ओठापाशी नुसती सावली राहिलीय." पलीकडे कप्तान काहीतरी समजावत असावा, कारण त्यांनी त्याला मध्येच तोडलं. "शिट्टी वाजू दे, भोंगा वाजू दे, जहाज थांबेल दोन मिनिटं. तिला उजेडाकडे तोंड करून उभी कर. उजवा गाल माझ्याकडे. आणि माझी ताई आहे तशी पाठव मला."